पायाळू सरांची पाठ

पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पण पायाळू माणसाची स्वतःचीच पाठ धरली तर त्याने कुणाच्या दारात जाऊन पालथं पडावं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. आमच्या वाकचौरे सरांचं आयुष्य या एका अडचणीत अडकलेलं होतं.

सर प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी वनस्पतिशास्त्र. कॉलेज नुकतंच निघालेलं, नगर-मनमाड रस्त्यापासून जरा आत. कोल्हारला एस.टी. सोडायची आणि मग टांगा मिळाला तर टांगा, नाहीतर आपले पाय. पूर्वी साखरेची पोती ठेवायच्या गोदामात विटांचे आडोसे घालून वर्ग केलेले होते आणि कुठल्याही फटीतून मुंग्या निघायच्या. दोन्ही शास्त्रांना मिळून एकच प्रयोगशाळा. मध्ये एक कपाट आडवं लावलेलं, त्याच्या अलीकडे माझी शेवाळं आणि नेचे, पलीकडे सरांचे बाटलीतले बेडूक. राहायलाही आम्ही शेजारीच होतो, एका बैठ्या चाळीत, भिंतीला भिंत लावून. त्यामुळे सरांचं दुखणं मी दिवसा बघायची आणि संध्याकाळी भिंतीतून ऐकायची. ते कधी ओरडायचे नाहीत. खुर्चीतून उठताना फक्त "चला" म्हणायचे. 

चाळिशीचा, उंच, अंगाने काटकुळा माणूस. चालायचे अगदी ताठ, आणि मान वळवायची झाली तर अख्खे वळायचे. नव्या माणसाला वाटे, काय हा रुबाब! पोरांनी त्यांच्या आडनावाची फोड केली होती. सर व्हरांड्यातून यायला लागले की मागून कुणीतरी हळूच म्हणे, "वाक, चौरे!" सरांनी ते ऐकलेलं होतं. मला म्हणाले, "आडनावातच आज्ञा आहे बाई, 'वाक' म्हणून. आमच्या पूर्वजांनी सगळं वाकून घेतलं, माझ्या वाट्याला काही ठेवलं नाही."

एकदा संस्थेचे अध्यक्ष आले. पिकल्या मिशांचे, मानाचे भुकेले गृहस्थ. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे रांगेने त्यांच्या पाया पडले. सरांची पाळी आली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि ताठ उभे राहिले. अध्यक्ष पाय जरा पुढे करून वाट बघत होते, सर हात जोडून वाट बघत होते. शेवटी अध्यक्षांनी पाय मागे घेतला. नंतर प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये घेऊन बराच वेळ झापलं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "पाठ दुखते म्हणून सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग शिकवता कसे? त्यापेक्षा गर्विष्ठ ठरलेलं बरं, नोकरी राहते." कंटाळलेल्या आवाजात सांगितलं आणि कपाटाला टेकून उभे राहिले.

खाली पडलेला खडू त्यांनी कधी उचलला नाही. पडला की त्याच्याकडे एकदा बघायचे आणि खिशातून दुसरा काढायचे. त्यामुळे त्यांच्या तासानंतर वर्गात खडूचे तुकडे सापडायचे आणि माझी त्यावर चंगळ असायची. बसण्याशी त्यांचं सगळ्यात मोठं वैर. स्टाफरूममध्ये ते उभ्यानेच चहा प्यायचे. दुपारच्या सुट्टीत मात्र प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर उताणे पडायचे, पाय गुडघ्यात दुमडून बेडकाच्या पेटीवर ठेवायचे आणि छताकडे बघत बोलायचे. माझ्याशी त्यांचं खरं बोलणं झालं ते असंच, ते छताशी आणि मी कपाटाआडून.

त्यांचा एक शब्द होता, 'आवर्तन'. आमच्याकडे भंडारदऱ्याचं पाणी कालव्याने आवर्तनात येतं. धरणातून सुटलं तरी आधी वरची गावं भिजणार, मग मधली, आणि शेवटी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेपटाकडच्या माणसाला उरलं तर. पगार लांबला की सर म्हणायचे, "वर सुटलाय बाई, आपण टेलला आहोत." पोस्ट उशिरा आली, परीक्षेचे निकाल अडले, पाऊस हुकला, सगळ्याला एकच उत्तर. रागाचा लवलेश नसे त्यात. इतका न रागावणारा माणूस बघून मलाच थकवा यायचा.

तर हे सर पायाळू होते. ही बातमी त्यांनी लपवली होती, पण एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, पाणी भरताना कुणाला तरी सांगितली आणि झालं. दर चार-आठ दिवसांनी चाळीपुढे कुणीतरी कमरेतून वाकडा होऊन उभा. एक म्हातारेबुवा तर सायकलच्या कॅरिअरवर आडवे बांधून आणलेले आठवतात. बरोबरचा मुलगा म्हणाला, "सर, पाय तेवढा लावा. उसण भरली हाय, दोन दिस झालं बा उठंना."

"मी नाही लावत पाय," सर दारातूनच म्हणाले. "उताणे झोपवा त्यांना. गुडघ्याखाली उशी द्या. गरम विटेने शेका."

"आवं पन तुमचं काय जातंय? पाय तर लावायचा हाय. पैसं मागतोय का आमी?"

"काही जात नाही. म्हणून तर लावत नाही."

म्हातारेबुवा कॅरिअरवरूनच म्हणाले, "चल रं बाबा. शिकल्याली मानसं हायेत ही." मुलाने सायकल वळवली. वहिनी आत भांडी आपटत होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, की लोकांना बरं वाटतंय तर लावावा पाय, पुण्य लागेल. सर त्यावर वाद घालायचे नाहीत, पुन्हा पाठ भिंतीला लावून उभे राहायचे.

एका हिवाळ्यात त्यांची पाठ इतकी धरली की तास उभ्याने घेणं अशक्य झालं. रजा शिल्लक नव्हती. सरांनी बी.एस्सी.च्या पोरांना प्रयोगशाळेत बोलावलं, स्वतः टेबलावर उताणे झाले आणि सगळ्यांना भोवती उभं केलं. मी कपाटामागे गवताच्या काड्या कापत होते. सर छताला सांगत होते, "आईच्या पोटात आपण अगदी बारीक असतो तेव्हा आपल्याला हाड नसतं. पाठीतून एक मऊ दोरी जाते फक्त. नोटोकॉर्ड. तिच्याभोवती मणके बनतात आणि मग दोरीचं काम संपतं. मणक्यात ती विरून जाते. पण दोन मणक्यांच्या मधे जी गादी असते ना, तिच्या पोटात त्या दोरीच्या काही पेशी राहून जातात. मोठ्या, फुगीर, पाण्याच्या बुडबुड्यांनी भरलेल्या. लहानपणी आपण माकडासारखे उड्या मारतो ते त्यांच्या जिवावर."

"मग मोठेपणी?" कुणीतरी विचारलं.

"मोठेपणी त्या निघून जातात. त्यांच्या जागी बारक्या, एकेकट्या पेशी येतात. एवढ्या मोठ्या गादीत इथे एक, तिथे एक. त्यांना शेजार नाही. आणि गादीत रक्तवाहिनी नाही. आसपासच्या हाडापर्यंत रक्त येतं, तिथून पातळ पडद्यातून जे झिरपेल त्यावर यांनी जगायचं."

एक पोरगा म्हणाला, "म्हंजी टेलला हायेत सर."

सर छताकडे बघूनच हसले. "अगदी. दिवसभर आपण उभे असतो, बसतो, तेव्हा गादीतलं पाणी दाबून बाहेर जातं. आडवे झालो की परत आत येतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा उंच असतो. आपलं झोपणं हेच त्यांचं आवर्तन."

तेवढ्यात प्राचार्य दारात. त्यांनी टेबलावर झोपलेला प्राध्यापक पाहिला, भोवती उभी पोरं पाहिली, आणि त्यांना काहीतरी अभद्र झाल्यासारखं वाटलं असावं. "वाकचौरे! काय झालं?"

"नोटोकॉर्ड चाललंय सर," सर म्हणाले. "प्रात्यक्षिक."

पोरं हसली. प्राचार्य हसले नाहीत, दारातूनच परत फिरले. तो तास त्या पोरांच्या कायम लक्षात राहिला असेल, माझ्या तर राहिलाच.

मग बहात्तर साल आलं. पाऊस झालाच नाही. कालव्याच्या तळाला भेगा पडल्या, विहिरी उघड्या पडल्या, रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी आली. रस्त्यांच्या कडेला सरकारने खडी फोडायची कामं काढली आणि माणसं उन्हात ओळीने बसून दगड फोडू लागली. आठवडी बाजारात म्हातारी जनावरं पाण्याच्या भावाने विकली जात होती. मुलाणी खाटकाच्या दुकानी मेंढरांची गर्दी. सर तिथे जायचे आणि मणक्याचे तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे. दुष्काळात प्राध्यापक हाडं नेतो, अशी गावात कुजबूज झाली. वहिनींना बायकांनी विचारलंसुद्धा, की सरांचा रस्सा कसा लागतो.

"बाई, तुमचा वस्तऱ्याचा हात चांगला आहे," सर एक दिवस कपाटावरून म्हणाले. "एक काप घेऊन द्याल? ताजा पाहिजे. मेणात बसवणं नको, काही नको. मेल्यावर रंगवलेल्या पेशी खूप बघितल्या."

वनस्पतिशास्त्रात आम्ही बटाट्याच्या फोडीत देठ धरून वस्तऱ्याने पातळ काप घेतो. तसाच मी मेंढीच्या मणक्यांमधला तो पांढुरका, चिवट तुकडा बटाट्यात धरून कापला. बोटाला बुळबुळीत लागत होतं, पण सरांचा चेहरा बघून कापत राहिले. त्यांनी काचेवर न्यूट्रल रेडचा थेंब टाकला. हा रंग जिवंत पेशी आपल्या पोटात साठवून ठेवते आणि लाल दिसते, मेलेलीला ते जमत नाही. वीज नव्हती. खिडकीतल्या उन्हाकडे आरसा वळवून सरांनी उभ्यानेच डोळा लावला. सूक्ष्मदर्शक त्यांनी दोन पेट्यांवर चढवून ठेवलेला असे, वाकायला लागू नये म्हणून.

बराच वेळ ते काच इकडून तिकडे सरकवत राहिले. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "बघा."

मला आधी काहीच दिसलं नाही. सगळं रिकामं, दूधपाण्यासारखं. मग काच सरकवली तेव्हा एका कडेला एक लाल ठिपका. बरंच सरकवल्यावर आणखी एक.

"म्हातारी मेंढी होती," सर म्हणाले. "पार झिजलेली. तरी आहेत. उपाशी आहेत बाई, पण जिवंत आहेत." त्यांचे डोळे भरून आले होते. एका मेंढीच्या पेशीसाठी माणूस रडतो हे बघून मला हसू यायला हवं होतं. नाही आलं.

"पण सर, एवढ्या आत काही होतंय आणि माणूस इतका कळवळतो कसा?"

"आत दुखतच नाही. आत नस नाही. आतली पेशी उपाशी राहते, तिचं काम थांबतं, गादी सुकते, दबते. मग कडेच्या थराला चिरा पडतात. तिथे नसा आहेत. मरतो तो गप्प असतो, ओरडतो तो शेजारी." ते खिडकीला टेकले आणि मग मी न विचारता त्यांनी वडिलांचं सांगितलं.

वडील अकोले तालुक्याच्या डोंगरात हिरड्याची पोती पाठीवर घालून खाली बाजारात उतरवायचे. तरुणपणीच पाठ गेली. घरात पायाळू मुलगा, तेव्हा औषध घरचंच. रोज पहाटे वडील अंगणात पालथे पडायचे आणि छोटा वाकचौरे त्यांच्या कमरेला डावा पाय लावायचा. वडील उठायचे, हात झटकायचे, म्हणायचे, "मोकळं झालं." आणि पोतं उचलायचे. गावोगावची माणसं यायची, सगळी मोकळी होऊन जायची. "मला वाटायचं बाई, माझ्या पायात देव आहे. वडील शेवटी अंथरुणाला खिळले. तेव्हा आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, त्यांनी सांगितलं की 'एक दिवससुद्धा पाठ दुखायची थांबली नव्हती. पोराच्या जिवाला बरं वाटावं म्हणून उठायचो.' मी त्यांना झोपू द्यायला हवं होतं. मी त्यांना रोज उठवून ओझ्याखाली घालत होतो." मग म्हणाले, "पुढे शिकायला मिळालं तेव्हा ठरवलं, आपण लाथ कशाला मारत होतो ते तरी बघू."

एवढं झाल्यावर "चला" म्हणाले आणि तासाला गेले.

उन्हाळा सुरू होताना त्यांच्या डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, मग पाय बधिर व्हायला लागला. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळायचं नाही. मागून पोरं आणून द्यायची. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सुट्टीभर सपाट पडून राहा. बसायचं नाही, ओझं नाही, वाकणं नाही. नाहीतर हा पाय जाईल आणि मग पुण्याला नेऊन फाडाफाडी. वहिनींनी खाटेवर फळी टाकून ठेवली आणि सुट्टीची वाट बघू लागल्या. सरही बघत होते. इतका दमलेला चेहरा मी आजवर दुसरा पाहिलेला नाही.

आणि सुट्टीच्या तोंडावर आक्का आली.

तिचं नाव सोनाबाई. राहुरीच्या वरच्या अंगाला, जिथे कालव्याचा थेंब पोचत नाही अशा गावात दिलेली. नवरा, मारुती, जनावरं घेऊन चाऱ्याच्या छावणीवर गेला होता. घरी म्हातारी सासू आणि दोन लेकरं, आणि आक्का खडीवर. एस.टी.तून उतरून ती चालत आली ती कमरेत काटकोन करून, एक हात गुडघ्यावर टेकत. दारात आली, पाण्याचा तांब्या बाजूला सारला आणि सरांच्या पुढ्यात जमिनीवर पालथी पडली.

"बापू, पाय लाव."

सर भिंतीला टेकून उभे होते. मी वहिनींबरोबर आतल्या दारात.

"आक्का, ऊठ. आधी पाणी घे."

"पानी मागनं. आधी पाय लाव. दोन दिस काम बंद हाय, परवाच्याला हजेरी हाय माजी. लाव की रं, कवाधरनं पडलेय मी."

"आक्का, त्याने काही होत नाही. तुला ठावं हाय. आबांनी तुलाच सांगितलं हुतं." सर बहिणीशी बोलताना आपोआप तिच्या बोलीत उतरायचे.

"आबांची गोष्ट येगळी. मला व्हईल."

सर काही करेनात आणि आक्का उठेना. लुगड्याच्या घडीतून तिच्या पाठीचे मणके दिसत होते. वहिनी म्हणाल्या, "अहो, लावा ना एकदाचा!" सरांनी मान हलवली. शेवटी आम्ही दोघींनी धरून आक्काला उठवलं, तेव्हा ती कळवळली आणि मला म्हणाली, "बघा बाई. सख्ख्या भावाची लाथ मागतेय मी, तीबी देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर तिला प्रयोगशाळेत घेऊन आले. मला काप करायला सांगितला. आक्काने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आधी चुकीचा, मग बरोबर.

"ते तांबडं हाय ना, तो जीव हाय," सर म्हणाले. "आडवं पडल्याबिगर त्याला खायला मिळत न्हाई. तुझ्या पाठीत असंच हाय. तू महिनाभर पडून राह्यलीस तर तुझी पाठ तुला साथ दील. उन्हात बसून घन मारत राह्यलीस तर पार बसंल."

"ह्ये माज्या पाठीतलं हाय?"

"मेंढीतलं."

"मंग मेंढीला सांग पडून राह्याला." आक्काने डोळा काढला. चिडलेली नव्हती, दमलेली होती. "बापू, एक दिस खाडा झाला की मुकादम नाव कापतो. मागं रांग लागलीया. नाव कापलं की परत लागत न्हाई. मी निजले तर पोरांनी काय खडी खायाची?"

"मी धान्य देतो. तू इथं राहा."

"नांदत्या घरातली बाई म्हायेरचं दानं नेती व्हय? सासू काय म्हनंल? आनि तुजं तरी काय हाय, तू तर सोताच पडलायस." तिने पदर खोचला. "येक पाय मागितला हुता मी तुज्याकडं. त्यानं बरं वाटो न वाटो, उद्या उठून गेले असते मी."

दुपारच्या एस.टी.ने ती गेली. सर तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले. दोघं रस्त्याने जाताना मी पाहिली, एक कमरेत मोडलेली आणि एक काठीसारखा ताठ. त्या दिवशी मला सरांचा राग आला, अगदी मनापासून. लावला असता पाय तर काय बिघडलं असतं, असं वाटत राहिलं. पण अंगणात पालथा पडणारा तो हिरडेवाला बापही डोळ्यापुढून जाईना, आणि मग रागही धड टिकेना.

संध्याकाळी भिंतीतून "चला" ऐकू आला नाही. सुट्टी लागली आणि शेजारची फळी टाकलेली खाट रिकामीच राहिली. वहिनींना विचारलं तर त्या तोंड फिरवून म्हणाल्या, "आक्कांकडे गेलेत." पुढे विचारायची सोय नव्हती.

मला दरम्यान नगरच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली. वैशाखात मी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवून निघाले ती कायमचीच. वहिनी डोळे पुसत टांग्यापर्यंत आल्या. सरांचा निरोप घ्यायचा राहिला, याची रुखरुख घेऊनच मी बसले होते. राहुरीच्या पुढे गाडीच्या इंजिनातून वाफ यायला लागली. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, डबा घेऊन पाणी शोधायला गेला, आणि त्या वर्षी पाणी शोधायचं म्हणजे किती वेळ जाणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. उतारू खाली उतरले. रस्त्याच्या कडेला खडीचं काम चालू होतं.

ऊन कलत आलेलं. बायकांची लांबच लांब ओळ, आणि हातोड्यांचा एकसारखा आवाज. त्या ओळीत मला आधी कॅनव्हासचा पट्टा दिसला. सरांचा पुण्याहून आणलेला, कमरेचा पट्टा, शर्टावरून आवळलेला. डोक्याला टॉवेल. गोणपाटावर पाय लांब करून बसलेले सर एक घाव घालत होते, मग डावा तळहात जमिनीवर टेकून अंगाचा भार सारत होते, मग दुसरा घाव. बसण्याशी त्यांचं सगळ्यात मोठं वैर होतं.

मागे बाभळीच्या विरळ सावलीत आक्का उताणी निजली होती. गुडघे दुमडलेले, पाय उपड्या घमेल्यावर, तोंडावर पदर.

"सर!" मी हाक मारली.

त्यांनी अख्खं अंग वळवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, तेव्हा मीच समोर गेले. "बाई, उठता येणार नाही. माफ करा."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"पडून राहायला सांगितलं होतं. पडलंय की आमच्यातलं एक." त्यांनी भुवईनेच मागे दाखवलं. "पहिले काही दिवस ऐकेना. नाव कापत नाहीत असं दिसलं तेव्हा निजली. आता बघा, हलवली तरी जागी होत नाही."

"आणि तुमचा पाय?"

"त्याला काही कळत नाही. त्यामुळे त्याची तक्रारही नाही."

शेजारची बाई हातोडा थांबवून म्हणाली, "ह्ये तुमच्या साळंतलं मास्तर व्हय? खडी लई बारीक फोडत्यात. मुकादम वरडतो, पीठ करू नका म्हनून." सर हसले. ओठ उन्हाने फुटलेले होते, त्यामुळे हसणं अर्ध्यातच थांबलं. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी बाभळीकडे बघत राहिले. आक्काचं पोट श्वासाबरोबर सावकाश वरखाली होत होतं.

ड्रायव्हर पाणी घेऊन आला. हॉर्न वाजला. मी काहीतरी म्हणाले, जपा म्हणाले बहुतेक, आणि गाडीत चढून खिडकीशी बसले. त्यानंतर सरांची आणि माझी गाठ पडली नाही.

गाडी सुरू होत होती तेव्हा टोपीवाला मुकादम ओळीच्या टोकाला उभा राहून संध्याकाळची हजेरी घेऊ लागला. बायका नाव आलं की मान न वळवता "हाय" म्हणत होत्या. एक नाव, दुसरं नाव.

"सोनाबाई मारुती!"

आजूबाजूचे हातोडे थांबले. बायका खाली बघू लागल्या. सरांनी हातोडा मांडीवर ठेवला, तळहात जमिनीला टेकून जेवढी उंचावता येईल तेवढी छाती उंचावली, आणि भरल्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "हाय!"

मुकादमाने मान वर न करता खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.